गुळव्या, पॅनमन आणि पीएलसी : एका आकड्याचा इतिहास

#थ्रेड

१/
पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये ७ हा आकडा साठवलेला आहे. तो मी लिहिला, परंतु तो माझा नव्हे. एका पॅनमनच्या अंगठ्यातून आणि तर्जनीतून तो माझ्या लॅपटॉपवर आला. नऊ हंगामांनंतर एका तरुण अभियंत्याने तो पुसून टाकण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्याचा अर्थ सांगणारा एकही कागद उरला नव्हता. आजचा धागा त्या आकड्याविषयी, आणि ज्या व्यवसायात मी उमेदीची वर्षे घालवली त्या औद्योगिक स्वयंचलनाच्या इतिहासाविषयी.

२/
मित्रहो, आपण येथे बहुधा किल्ले, ताम्रपट, बखरी आणि मोडी कागद यांविषयी वाचतो. साधन कोणते, समकालीन की उत्तरकालीन, लिहिणारा प्रत्यक्षदर्शी होता की ऐकीव सांगतो आहे, हे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. हेच प्रश्न मला एके दिवशी स्वतःच्याच कामाला विचारावे लागले, आणि उत्तर माझ्या बाजूने आले नाही. ती हकीकत सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी.

३/
"ऑटोमेशन कंपनीत तू नेमके करतोस काय?" असे घरचे विचारत, तेव्हा उत्तर देणे अवघड जाई. आम्ही यंत्रे बनवत नाही. यंत्रांना 'केव्हा' आणि 'किती' हे सांगणारी व्यवस्था बनवतो. झडप केव्हा उघडावी, मोटर किती वेगाने फिरावी, तापमान कोठवर चढले की वाफ तोडावी. संवेदक यंत्राची नाडी पाहतात, पीएलसी नावाचा लहानसा दणकट संगणक निर्णय करतो, झडपा आणि मोटारी तो अमलात आणतात. पुण्याच्या कार्यशाळेत पॅनेल जोडायचे, प्रत्येक तारेच्या टोकाला क्रमांक चढवायचा, ग्राहकासमोर चाचणी द्यायची, आणि मग ट्रकवर चढवलेल्या त्या पॅनेलच्या मागोमाग आपणही साइटवर जायचे.

४/
साखर कारखान्यांच्या कामाला ऋतू असतो. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी टाकून गळिताचा शुभारंभ. सारे कारखाने जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. म्हणून आमच्या कित्येक दिवाळ्या कारखान्यांच्या अतिथिगृहांत गेल्या. या धंद्याची रीतच अशी की काम उत्तम झाले तर कोणी आठवण काढत नाही. रात्री दोनला वाजणारा फोन बिघाडाचाच असतो. जेथे जावे तेथे चहा आग्रहाने मिळतो. पण चहा देणारा मनाशी हिशेब करत असतो, की या पेटीमुळे आपल्यातले कोण कमी होणार.

५/
आता साखरेकडे. आपल्याकडे उसाच्या रसाचा पहिला जाणकार म्हणजे गुऱ्हाळातला गुळव्या. चुलवाणावर काहील चढते, रस उकळतो, मळी वर येते, ती काढली जाते. पाक केव्हा उतरवायचा हे एकटा गुळव्या ठरवतो. थेंबभर पाक गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळतो आणि तिच्या घट्टपणावरून सांगतो: अजून जाळ हवा, किंवा आता क्षणभरही नको. थोडे लवकर उतरवले तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. अख्ख्या आदणाची किंमत त्या एका बोटावर अवलंबून असते, आणि ते बोट तयार व्हायला अनेक हंगाम जातात.

६/
पांढरी साखर करायची तर पाक करपवून चालत नाही. त्यावरचा तोडगा एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१२-१३ मध्ये काढला. बंद भांड्यातली हवा काढून घेतली की पाक कमी तापमानाला उकळतो. हाच 'व्हॅक्यूम पॅन'. आजही आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात उंच मजल्यावर उभ्या असलेल्या पोलादी पॅनमध्ये पाक साठ-सत्तर अंश सेल्सियसला उकळत असतो आणि त्यात साखरेचे दाणे वाढत असतात. मात्र काहील उघडी असते, पॅन बंद. गुळव्याला जे समोर दिसत होते, ते आता काचेच्या छोट्या खिडकीआड गेले.

७/
दुसरा टप्पा अमेरिकेतल्या लुइझियानाचा. तेथे रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवला जाई, आणि उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतण्याचे जीवघेणे काम गुलामांकडून करून घेतले जाई. नॉर्बर्ट रिलियू हा १८०६ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मलेला अभियंता; आई कृष्णवर्णीय वंशाची स्वतंत्र स्त्री, वडील गोरे. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या माणसाने १८४३ मध्ये अनेक टप्प्यांच्या बाष्पीभवन-यंत्राचे पेटंट घेतले. एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवते. तीच उष्णता पुन्हा पुन्हा कामी येते.

८/
उकळत्या रसाच्या पळ्या त्यामुळे हातांतून सुटल्या. साखळ्या सुटल्या नाहीत. अमेरिकेतील गुलामगिरी संपली ती १८६५ मध्ये, घटनादुरुस्तीने. यंत्राने साखर स्वस्त झाली, इंधन वाचले, मळेवाल्यांचा नफा वाढला. रिलियू पुढे पॅरिसला परतला आणि इजिप्तच्या चित्रलिपीच्या अभ्यासात रमला. यंत्र काम हलके करते. हलके झालेल्या कामाचा लाभ कोणाला, हे यंत्र ठरवत नाही. हे वाक्य मी पुढे स्वतःच्या अनुभवातून शिकलो.

९/
तिसरा टप्पा आपला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर महाराष्ट्रभर असे कारखाने उभे राहिले. त्यांबरोबर एक नवा जाणकार गावागावांत तयार झाला : पॅनमन. शेतकऱ्याच्याच घरातला, शिक्षण बेताचे, पण पॅनवर त्याचा शब्द शेवटचा. गुळव्याचे बोट आता व्हॅक्यूम पॅनच्या मजल्यावर आले होते.

१०/
पॅनमन काय पाहतो? पाकात साखर जितकी विरघळू शकते त्याहून थोडी अधिक असावी लागते, तेव्हाच आधी सोडलेले बीजदाणे वाढतात. हे 'थोडी अधिक' फार नाजूक आहे. कमी पडले तर दाणे विरघळतात. जास्त झाले तर पाकात आपोआप असंख्य बारीक दाणे जन्माला येतात. कारखान्यात त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. हे बारीक दाणे पुढे सेंट्रीफ्यूगल यंत्राच्या जाळीवर बसतात आणि मळी बाहेर पडू देत नाहीत. म्हणून पॅनमन दर थोड्या वेळाने पितळी दांडीने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतो आणि दोन बोटांत त्याची तार ओढून पाहतो.

११/
आता चौथा टप्पा, ज्याने मला नोकरी दिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांतील स्वयंचलन म्हणजे रिले : वीजप्रवाहाने खेचली जाणारी आणि त्यासरशी दुसरा मार्ग जोडणारी वा तोडणारी विद्युतचुंबकीय कळ. मोठ्या यंत्रासाठी असे शेकडो रिले कपाटांत बसवलेले असत. 'हे झाले आणि ते झाले नाही, तर हे कर' एवढे वाक्य सांगायलाही प्रत्यक्ष तारा ओढाव्या लागत. उत्पादन बदलले की कपाट पुन्हा जोडा, नाहीतर भंगारात घाला. मोटारींच्या कारखान्यांत तर नवे मॉडेल वारंवार येई.

१२/
१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या जाचातून सुटण्यासाठी नव्या नियंत्रकाच्या अपेक्षा मांडल्या : तारा न बदलता काम बदलता यावे, धूळ-उष्णता सोसावी, आणि कारखान्यातल्याच माणसांना चालवता यावे. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्सच्या डिक मॉर्ली यांनी अशा नियंत्रकाचे टिपण लिहिले होते. त्यातून जे यंत्र जन्मले ते त्यांच्या संस्थेचा ८४ वा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव मॉडिकॉन ०८४. १९६९ मध्ये ते जनरल मोटर्सकडे पोहोचले. पीएलसीच्या वंशावळीतला हा मूळपुरुष.

१३/
यातली खरी मुत्सद्देगिरी भाषेत होती. रिलेंच्या जोडणीचे चित्र शिडीसारखे काढत : दोन उभ्या रेषा म्हणजे वीजपुरवठा, मधली प्रत्येक पायरी म्हणजे एक अट आणि तिचे फळ. नव्या संगणकाची आज्ञावली हीच शिडी वापरून लिहायची ठरले, कारण कारखान्यातल्या वायरमनला ती वाचता येत होती. रिले गेले, कपाटे गेली, पण त्यांची लिपी राहिली. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानेही पीएलसीच्या भाषांमध्ये या शिडीला मान्यता दिली. मी आजही पडद्यावर जी शिडी काढतो ती मुळात तारा ओढणाऱ्या हातांची लिपी आहे.

१४/
तर ही शिडी लॅपटॉपमध्ये घेऊन, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी त्या कारखान्यात पोहोचलो. काम होते पॅनचे स्वयंचलन. पॅनमध्ये एक प्रोब बसवायचा. तो पाकातून वीज किती सुलभ वाहते ते मोजतो. पाक घट्ट होत गेला की वहन कमी होते. वहन ठरावीक आकड्याखाली उतरले की झडप उघडून पातळ पाक आत सोडायचा. कागदावर हे इतके स्वच्छ होते की पॅनमनची तार आणि काचेची पट्टी मला जुन्या काळचे कर्मकांड वाटले. त्या पाळीच्या पॅनमनना सारे 'मामा' म्हणत. मीही म्हणू लागलो. वयाने ते माझ्या वडिलांएवढे, तरी मला 'साहेब'च म्हणत.

१५/
पहिले दहा-बारा दिवस सारे सुरळीत चालले. मग एका रात्री मामा नमुना बोटांत घेऊन आले. "साहेब, आजचा पाक बोटाला येगळा लागतोय. जळीत ऊस आलाय. तुमच्या मशिनला सांगा, एवढा टाईट करू नको म्हणावं." मी पडद्याकडे पाहिले. आकडा नेमका हवा तेथे होता. उलट यंत्र सांगत होते की पाक अजून पातळच आहे. मी म्हणालो, "मामा, रीडिंग बरोबर आहे." ते काही बोलले नाहीत. तासाभरात पॅन फॉल्स ग्रेनने भरून गेला.

१६/
बारीक दाणे विरघळवायला पॅनमध्ये पाणी द्यावे लागले, म्हणजे आटवण्यासाठी वापरलेली वाफ वाया. पुढचे पॅन अडकले, पाकाच्या टाक्या भरल्या, पहाटे गाळप हळू करावे लागले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग वाढत गेली. चीफ केमिस्ट मला रागे भरले नाहीत, ते अधिक लागले. मामांनी 'मी सांगितले होते' असे म्हटले नाही. काचेची पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतंय, साहेब. धरा."

१७/
कारण नंतर उलगडले. खराब झालेल्या उसाच्या रसात आम्लता वाढते, ती मारायला जास्त चुना लागतो आणि रसात क्षार वाढतात. क्षार वाढले की वीज अधिक सुलभ वाहते. पाक घट्ट असूनही प्रोबला तो पातळ भासतो. म्हणून तो पातळ पाक सोडतच नाही आणि पॅन मर्यादेबाहेर आवळला जातो. प्रोब खोटे बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न 'वीज किती वाहते' हा होता, आणि उत्तर मी 'पाक किती घट्ट' या प्रश्नाचे म्हणून वाचत होतो. इतिहासाच्या साधनांबाबत हीच चूक आपण किती वेळा करतो!

१८/
पुढचे तीन आठवडे मी मामांच्या मागे उभा राहिलो. ते नमुना बोटांत घेत आणि सांगत : ढिला, बरा, आला, आता बास. मी वहीत एका बाजूला त्यांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला प्रोबचा आकडा लिही. जळीत उसाच्या दिवशी दोहोंत शंभरपैकी सुमारे सात अंशांचा फरक पडे. मग मी पडद्यावर 'जळीत' नावाची एक कळ ठेवली. ती दाबली की ठरलेल्या आकड्यात ७ मिळवले जात आणि पातळ पाक लवकर सोडला जाई. फॉल्स ग्रेन थांबले. कंपनीत माझे कौतुक झाले, आणि तोच आराखडा पुढे दुसऱ्या कारखान्यांना विकला गेला.

१९/
आज्ञावलीच्या ओळीशेजारी स्पष्टीकरण लिहिण्याची सोय असते. त्याला आपण शेरा म्हणू. मी शेरा लिहिला : 'जळीत उसासाठी, पॅनमनच्या सांगण्यावरून.' नाव लिहिले नाही. कोणी मना केले नव्हते, सुचलेच नाही. आमच्या प्रत्येक दस्तऐवजावर रकाने ठरलेले असत : तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिल्यात माझे नाव होते. 'सांगणारा' असा रकानाच नव्हता.

२०/
त्या तीन आठवड्यांत मामांच्या मागे आणखी एक जण उभा असे, त्यांचा थोरला मुलगा. हंगामी कामगार म्हणून लागलेला. दोन हंगाम बापाकडून तीच तार शिकत होता. पुढच्या वर्षी पॅनच्या मजल्यावरची माणसे कमी झाली. कोणाला काढले नाही; जे निवृत्त झाले त्यांच्या जागा भरल्या नाहीत, एवढेच. कंट्रोल रूममध्ये बसलेला एक माणूस आता अनेक पॅन पाहू लागला. मुलाला पॅनमनची जागा मिळाली नाही. मामांनी जी विद्या त्याला द्यायला घेतली होती तीच मला दिली, आणि मी ती अशा पेटीत ठेवली की पुन्हा कोणाला शिकवण्याची गरज पडू नये.

२१/
हा प्रश्न माझ्यापाशी सुरू झाला नाही, हे मला उशिरा कळले. १९२८ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत 'रॅशनलायझेशन' आले : विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत. मालकांच्या दृष्टीने ती कार्यक्षमता होती, कामगारांच्या दृष्टीने दर तिसऱ्या माणसाची भाकर. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांच्या आसपास संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन त्याच धामधुमीत जन्मली, आणि नंतर फॉसेट समितीपुढे याच प्रश्नांची चर्चा झाली. त्या गिरण्यांत निदान प्रश्न उघडपणे विचारला गेला. आमच्या पॅनच्या मजल्यावर तो कोणी विचारला नाही, मीही नाही.

२२/
नऊ हंगाम गेले. कारखान्यातला मूळ फाइल असलेला संगणक बिघडला, आमच्या कंपनीतली प्रतही जुन्या यंत्राबरोबर गेली. मी नव्या सहकाऱ्याला घेऊन पीएलसीतून आज्ञावली परत वर काढली. येथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या अनेक पीएलसींत फक्त उघडे तर्कशास्त्र उतरते. नावे आणि शेरे अभियंत्याच्या संगणकातच राहतात. वर आली ती नुसती शिडी. 'जळीत' हा शब्द गेला होता. उरले होते : एम १२.३ ही कळ लागली असेल तर ७ मिळवा. सहकारी म्हणाला, "सर, हा जुना कचरा दिसतोय. काढू का?"

२३/
शिलालेख वाचता येतो, पण तो कोणी, का कोरला हे कळत नाही, तशी ती ओळ दिसली. मला कारण आठवत होते, म्हणून ती वाचली. पण माझी खात्री करून घ्यावी म्हणून मी मामांच्या गावी गेलो. ते निवृत्त होऊन शेती पाहत होते. मुलगा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो आणि एरवी शेतीत असतो, असे कळले. ओसरीवर बसून मी त्यांना सगळे सांगितले : जळीत उसासाठी ७ मिळवण्याची ती कळ. मामा हसले. "जळीत का न्हाई, ते म्हत्त्वाचं नव्हतं, साहेब. ऊस तुटून किती तास उभा हाय, ते म्हत्त्वाचं. जळीत त्याच दिशी गाळला तर काय होत न्हाई. आन् हिरवा चार दिस गाडीत राहिला तर तो जळीताहून वाईट."

२४/
मी गप्प झालो. नऊ हंगाम कारखान्यात 'जळीत' असा पुकारा झाला की ती कळ दाबली जात होती, आणि तोडणी-वाहतूक खोळंबून शिळा झालेला हिरवा ऊस आला की दाबली जात नव्हती. मजल्यावर चौकशी केली तेव्हा कळले की अशा दिवशी जुने कामगार गुपचूप यंत्र बंद करून पॅन हाताने चालवत. त्यांना खरे कारण ठाऊक होते. माझ्या शेऱ्यात चुकीचे लिहिले होते. मी स्वतःला समकालीन, प्रत्यक्षदर्शी साधन समजत होतो. वस्तुतः मी एका रात्रीचे एक वाक्य ऐकून बखर लिहिली होती. शेरा हरवला नसता तर ती चूक आणखी अधिकृत झाली असती.

२५/
उठताना मी विचारले, "मामा, तेव्हा का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही जळीताचंच इचारलंत. वहीत तेच लिवत होता." यात टोमणा नव्हता. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि मला पुन्हा सगळे सांगायला लावले, तो ऐकत राहिला. शेवटी त्यानेच भर घातली : थंडीत एवढा फरक पडत नाही, मार्चनंतर ऊन वाढले की तासांचा हिशेब बदलतो. दोन हंगामांत तो हेही शिकला होता. ते विचारण्याचे मला कधी सुचले नव्हते.

२६/
मी परत जाऊन ती कळ काढली नाही. तिचे नाव बदलले. आता तेथे 'शिळा ऊस' असे आहे, आणि तोडणीनंतर किती तास झाले हे भरण्याची जागा आहे. उन्हाळ्याचे कोष्टक वेगळे. कंट्रोल रूममध्ये त्या मुलाला घ्यावे म्हणून मी कारखान्याला पत्र दिले. त्याचा उपयोग झाला नाही, हेही येथे नोंदवतो; ही हकीकत मी माझ्या बाजूने गोड करून सांगितली, असे व्हायला नको.

२७/
तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोणी गिरणीत, साखर कारखान्यात, एमआयडीसीतल्या शॉपवर आयुष्य काढलेले असेल. त्यांना काम काय होते एवढेच विचारू नका. हाताला काय कळत असे, कशावरून कळत असे, कोणी शिकवले, आणि तुम्ही कोणाला शिकवलेत, हे विचारा. उत्तर मिळाले की पुन्हा एकदा जाऊन तपासून घ्या. जुनी कपाटे किलोवर भंगारात जात आहेत. त्यांतले तर्कशास्त्र नव्या पेट्यांत उतरते आहे, कारणे मात्र माणसांबरोबर चालली आहेत.

२८/
पीएलसीच्या पॅनेलच्या दाराला आतून एक कप्पा असतो, नकाशे ठेवण्यासाठी. संगणक बिघडतात, फाइली जातात, तो कप्पा राहतो. त्या कारखान्यातून निघताना मी एक कागद छापून, प्लास्टिकमध्ये घालून त्यात ठेवला. त्यावर ७ या आकड्याची पूर्ण हकीकत आहे, माझ्या चुकीसह. खाली चार रकाने आहेत : तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा आणि सांगणारा. चौथ्यात बापलेकांची नावे आहेत. ती मी येथे लिहीत नाही. जेथे लिहायला हवी होती तेथे, उशिरा का होईना, लिहिली आहेत.

लेखनसीमा.